वेशीवरचा दगड आणि नदीकाठची गिरणी



संपादकांनी माझ्याकडे सप्टेंबरमधल्या सायकल-सहलीचा वृत्तांत मागितला आहे. पण कोण कुठल्या चढावर उतरून चालायला लागले आणि कोणाच्या डब्यातल्या दडपे पोह्यांवर सगळ्यांनी ताव मारला, हे आलेल्या नऊ जणांना ठाऊक आहे आणि न आलेल्यांना त्यात फारसा रस नसणार. म्हणून वृत्तांताऐवजी त्या रस्त्याचा इतिहास लिहिते. त्याला आणखी एक कारण आहे. सहल ठरवायच्या वेळी समितीतल्या एका काकांनी विचारले होते, "तिथे बघायला आपलं असं काय आहे? गोऱ्यांची खेडी ती!" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, आणि त्या वेळी मला नीट उत्तरही देता आले नाही. आता थोडे वाचन झाले आहे, तेव्हा प्रयत्न करते.

रस्ता असा. पीक डिस्ट्रिक्टमधल्या बेकवेल या बाजाराच्या गावातून निघायचे, जुन्या रेल्वेमार्गावरून वाय नदीच्या खोऱ्यात शिरायचे, क्रेसब्रुक आणि लिटन इथल्या गिरण्या पाहायच्या, मिलर्स डेलपासून चढून टाइड्सवेलला यायचे, तिथून पठारावरून फूलो आणि ईम, मग उतरून स्टोनी मिडलटन, कॅल्वर, हॅसप आणि परत बेकवेल. अंतर वीस-बावीस मैलांचे. सराईत माणूस दोन-तीन तासांत संपवील, पण थांबत थांबत गेले तर दिवस पुरत नाही. शेफील्ड, मँचेस्टर, डर्बी इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर हे अगदी परसदारी आहे.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला याला डोंगर म्हणताना जरा अवघडल्यासारखे होते. इथले सर्वांत उंच किंडर स्काउट ६३६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. पण या टेकड्यांची घडण आपल्यापेक्षा अगदी निराळी आहे, आणि ती कळली की इथल्या खेड्यांचा इतिहास अर्धा कळतो. आपल्याकडे काळा, ज्वालामुखीचा बेसॉल्ट. इथे पांढरी चुनखडी, सुमारे तेहतीस कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी शंख-शिंपल्यांचा थर साठून झालेली. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते किंचित आम्ल होते आणि असे पाणी चुनखडीला हळूहळू खाते. (रसायनशास्त्राचा तास इथेच संपला, घाबरू नका.) परिणाम असा की पठारावर पडलेले पाणी पठारावर राहत नाही, भेगांतून खाली जाते. वरची गावे झऱ्यांच्या आणि विहिरींच्या आधाराने जगली आणि बारमाही जोराचे पाणी मिळाले ते खाली, वाय नदीच्या अरुंद घळीत. म्हणून वर शेतकरी, मेंढपाळ आणि शिशाच्या खाणीत राबणारे. आणि खाली, अठराव्या शतकाच्या शेवटी, कापसाच्या गिरण्या.

बेकवेल सोडले की मॉन्सल ट्रेल लागतो. १८६३ साली मिडलँड रेल्वेने या खोऱ्यातून बक्स्टनकडे लोहमार्ग नेला आणि नदीवर कमानींचा पूल बांधला. जॉन रस्किन यावर भयंकर संतापला होता. बक्स्टनच्या मूर्खाला अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलच्या मूर्खाला अर्ध्या तासात बक्स्टनला पोचता यावे म्हणून देवांची दरी नासवली, असा त्याचा एकूण आशय. आज तोच पूल दिनदर्शिकांवर छापतात. गाड्या १९६८ साली बंद झाल्या आणि २०११ मध्ये चारही लांब बोगदे दिवे लावून पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी उघडले. प्रत्येक बोगदा चारशे मीटरच्या आसपास. आत भर उन्हाळ्यातही गारवा असतो, आमच्यातल्या तेरा वर्षांच्या मुलाने घंटी वाजवून प्रतिध्वनी ऐकण्याचा कार्यक्रम चारही बोगद्यांत पार पाडला.

पहिला बोगदा आणि पूल ओलांडून थोडे पुढे गेले की नदीपलीकडे एक भारदस्त, राजवाड्यासारखी इमारत दिसते. ती क्रेसब्रुकची गिरणी. काकांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळते.

सतराव्या शतकात आपल्याकडचे, म्हणजे गुजरातचे, कोरोमंडल किनाऱ्याचे आणि बंगालचे सुती कापड इंग्लंडमध्ये इतके खपू लागले की इथले लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. १७०० आणि १७२१ साली पार्लमेंटने कायदे करून छापील सुती कापडाला बंदी घातली. पण लोकांना सवय लागली ती लागली. मग तेच कापड इथे, यंत्रावर, स्वस्तात कसे करायचे हा प्रश्न उरला. रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली क्रॉमफर्डला, म्हणजे इथून दहाएक मैलांवर, पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली आणि १७७४ साली ते निर्बंध सैल करून घेतले. १७७९ मध्ये त्याने क्रेसब्रुकलाही गिरणी काढली. ती जळाली, पुन्हा बांधली गेली. आज दिसते ती मोठी इमारत १८१५ ची. तिथून वरच्या बाजूला, नदीच्या पुढच्या वळणावर, एलिस नीडम नावाच्या माणसाने १७८२ साली लिटन मिल सुरू केली.

पाणी होते, यंत्रे होती. माणसे मात्र नव्हती. या घळीत कोण राहायला येणार? आणि यंत्र असे की त्याला ताकद लागत नाही, लहान आणि चपळ बोटे लागतात, तुटलेला धागा जोडायला. तेव्हा गिरणीमालकांनी शहरांतल्या वर्कहाऊसांकडे, म्हणजे सरकारी खर्चाने अनाथ-निराधार पोसणाऱ्या घरांकडे, मुले मागितली. पॅरिशच्या अधिकाऱ्यांनाही ती नकोच होती. एक पोर गेले की एक तोंड कमी. सात-आठ वर्षांची मुले एकवीस वर्षांची होईपर्यंत "उमेदवार" म्हणून बांधून दिली जात. पगार नाही. जेवण, कपडे आणि झोपायला जागा.

रॉबर्ट ब्लिंको हा त्यातलाच. लंडनच्या सेंट पँक्रसच्या वर्कहाऊसमध्ये वाढलेला, आईबापांचा पत्ता नाही. १७९९ मध्ये सुमारे सात वर्षांचा असताना त्याला इतर मुलांबरोबर नॉटिंगहॅमजवळच्या लोडम गिरणीत पाठवले. निघण्यापूर्वी मुलांना सांगितले होते की तिथे भाजलेले मांस आणि प्लम पुडिंग खायला मिळेल, मालकाच्या घोड्यांवर बसायला मिळेल. लोडमची गिरणी बंद पडल्यावर त्याची रवानगी लिटन मिलला झाली, आणि लोडम म्हणजे स्वर्ग होता असे त्याला तिथे वाटू लागले. दिवसाचे चौदा-सोळा तास काम. मारहाण तर होतीच, शिवाय करमणूक म्हणून छळ: कानांना लोखंडी चिमटे लटकवायचे. पोट भरत नसे म्हणून मुले डुकरांच्या पुढ्यातले पिठाचे गोळे चोरून खात. हे सगळे त्याने १८२२ साली जॉन ब्राउन नावाच्या पत्रकाराला सांगितले. ब्राउनने १८२५ मध्ये आत्महत्या केली. हस्तलिखित रिचर्ड कार्लाइलच्या हाती लागले, १८२८ मध्ये त्याच्या साप्ताहिकात छापले गेले आणि १८३२ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. पुढच्याच वर्षी ब्लिंकोने सरकारी चौकशीपुढे साक्ष दिली. तुझी मुले गिरणीत घालशील का, असे विचारल्यावर त्याने सांगितले की त्यापेक्षा ती काळ्या पाण्यावर गेलेली परवडली. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी आली आणि, मुख्य म्हणजे, पगारी निरीक्षक आले. कायदा तर १८०२ मध्येही होता, उमेदवारांना बारा तासांपेक्षा जास्त राबवू नये असा. पण तपासणी कोणी करायची? गावातल्याच मॅजिस्ट्रेटने आणि पाद्र्याने. ते मालकाच्या पंगतीला बसणारे.

ब्लिंकोची कहाणी अतिरंजित आहे असे मानणारे अभ्यासक होते. निदान क्रेसब्रुक तरी बरी होती, असेही लिहिलेले सापडते, कारण तिथला व्यवस्थापक विल्यम न्यूटन हा सुतारकीतून वर आलेला कारागीर आणि कवी होता, लेखिका ॲना सेवर्डने त्याला उजेडात आणले होते. पण १८४९ मध्ये ॲश्टनच्या एका वृत्तपत्राने सारा कार्पेंटर या बाईची मुलाखत छापली. ती क्रेसब्रुकची उमेदवार. तिचे वडील ब्रिस्टलला काच फुंकण्याचे काम करायचे. ते वारल्यावर कुटुंब वर्कहाऊसमध्ये गेले आणि तिथून तिच्या भावाला एका रात्री, आईला न सांगता, गाडीत घालून नेले. दोन वर्षे आईला पोराचा पत्ता नव्हता. दुसऱ्या एका मुलाच्या आईने शोध लावला तेव्हा ही आई लहानग्या साराला घेऊन ब्रिस्टलहून क्रेसब्रुकपर्यंत पायी आली. किती दिवस लागले असतील याचा विचार करा. हे अंतर दीडशे मैलांच्या आसपास आहे. मुलाला चांगले वागवतात म्हणून मालकिणीला द्यायला तिने काचेच्या छोट्या वस्तू आणल्या होत्या, नवऱ्याच्या जुन्या सोबत्यांकडून मागून घेतलेल्या. मालकिणीने गोड बोलून त्या घेतल्या. भावाने बहिणीला हळूच सांगितले की हे गोड बोलणे नुसते वरवरचे आहे. पण इतक्या दिवसांनी भाऊ दिसला, त्याला सोडून जायचे तिला होईना. राहायचे तर करारनाम्याचा एक शिलिंग घ्यावा लागेल, असे सांगितले. तिने घेतला, आणि त्याचा तिला मोठा अभिमान वाटला. तिथल्या एका मुकादमाला मुले "टॉम सैतान" म्हणत.

ही काचेच्या वस्तूंची गोष्ट मी पुलाजवळ सांगितली तेव्हा आमच्यातल्या एक ताई उठून जरा पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मुलांना लांब ठेवून इथे आलेली माणसे आपल्यातही आहेत.

आज दोन्ही गिरण्यांचे ऐसपैस फ्लॅट झाले आहेत, नदीवर तोंड करून. लिटन मिलपाशी उतरायला सायकल हातात धरून जावे लागते. जागा रम्य आहे, इतकी की ब्लिंकोने सांगितलेले खरे वाटू नये.

मिलर्स डेलपासून टाइड्सवेलपर्यंतचा चढ मात्र चांगलाच आहे. टाइड्सवेलचे चौदाव्या शतकातले चर्च गावाच्या मानाने इतके मोठे आहे की त्याला "पीकचे कॅथीड्रल" म्हणतात. शिसे आणि लोकर यांचा पैसा त्यात आहे. चर्चच्या आवारात खूप जुने दगड आहेत. लिटन मिलमध्ये मेलेली मुले इथे आणि टॅडिंग्टनला वाटून पुरत, म्हणजे एकाच गावात फार कबरी दिसू नयेत, असे ब्लिंकोने सांगितले आहे. या मुलांच्या डोक्याशी दगड लावायचा तर खर्च कोणी करायचा?

टाइड्सवेलसारख्या गावांत उन्हाळ्यात विहिरी सजवतात. लाकडी फळीवर ओली चिकणमाती थापायची आणि त्यात फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया एकेक खोचून चित्र करायचे, अगदी रांगोळीची बहीण म्हणावी अशी. मातीत मीठ कालवतात, त्यामुळे ओल टिकते आणि चित्र आठवडाभर राहते. पाणी हेच धन असलेल्या पठारावर ही प्रथा का रुजली हे वेगळे सांगायला नको.

तिथून फूलोपर्यंत दगडी बांधांच्या मधून जाणारा, वाऱ्याने झोडपलेला रस्ता. शेतांत मधेच उंचवटे आणि खळगे दिसतात, त्या जुन्या शिशाच्या खाणी. राजाच्या मालकीच्या या मुलखात कोणीही कोणाच्याही जमिनीत शिसे शोधू शकत असे, फक्त दफनभूमी, बाग, परसू आणि हमरस्ता सोडून. फूलोला एक तळे, एक जुना क्रॉस आणि वीसेक घरे. आम्ही तिथे डबे उघडले.

आणि मग ईम. लिहितात एक, उच्चार "ईम" असा. लिटन मिलपासून सरळ रेषेत जेमतेम चार मैल. हे गाव मात्र देशभर प्रसिद्ध आहे. इथल्या प्राथमिक शाळांत शिकवतात, आपल्या मुलांना विचारा.

गोष्ट थोडक्यात अशी. १६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग होता. ऑगस्टच्या अखेरीस ईमचा शिंपी ॲलेक्झांडर हॅडफील्ड याच्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होते म्हणून त्याचा मदतनीस जॉर्ज विकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातले. ७ सप्टेंबरला विकर्सला पुरले. मग त्या घरातली मुले, मग शेजारची घरे. हिवाळ्यात साथ मंदावली, पण पुढच्या उन्हाळ्यात ती भडकली. गावचा पाद्री विल्यम मॉम्पेसन अवघा अठ्ठावीस वर्षांचा आणि गावाला नवखा. त्याच्या आधीचा टॉमस स्टॅनली हा प्युरिटन. राजाने ठरवलेली उपासना नाकारल्याबद्दल १६६२ मध्ये त्याला काढून टाकले होते, पण लोकांचा विश्वास त्याच्यावरच होता. ही दोन विरुद्ध पंथांची माणसे जून १६६६ मध्ये एकत्र आली आणि त्यांनी गावाला तीन गोष्टी पटवल्या. मेलेल्यांना घरच्यांनीच, आपापल्या शेतात-परड्यात, लगेच पुरायचे. प्रार्थना चर्चमध्ये न करता उघड्या घळीत, अंतर ठेवून करायची. आणि वेशीबाहेर कोणी जायचे नाही. बदल्यात चॅट्सवर्थचा अर्ल ऑफ डेव्हनशायर अन्नधान्य पुरवील. वेशीवरच्या दगडात खळगे पाडून त्यात व्हिनेगर घातले आणि त्यात नाणी टाकली. बाहेरचे लोक सामान ठेवून नाणी घेऊन जात.

आकडे ऐकायचे असतील तर, चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे गेली. एलिझाबेथ हँकॉक या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हाताने पुरली. त्या कबरी गावाबाहेर, उतारावरच्या शेतात, दगडी कुंपणात आहेत. २५ ऑगस्टला मॉम्पेसनची बायको कॅथरिन गेली, सत्तावीस वर्षांची. १ नोव्हेंबरला शेवटचा मृत्यू. आसपासच्या गावांत साथ पसरली नाही.

आता चिकित्सा. जुन्या पुस्तकांत लिहिलेले असते की साडेतीनशेतले त्र्याऐंशी उरले. नंतरच्या अभ्यासकांनी जुने कर-कागद आणि नोंदी पाहून गावाची वस्ती त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा जास्तच होती असे दाखवले आहे. म्हणजे मृत्यू तेवढेच, पण वाचलेलेही पुष्कळ. दुसरे, मॉम्पेसनने स्वतःच्या दोन मुलांना गावबंदीपूर्वीच बाहेर पाठवले होते आणि गावातले काही सुस्थितीतले लोक आधीच निघून गेले होते. यासाठी मी त्याला दोष देणार नाही, पण "सारे गाव एकदिलाने राहिले" या वाक्याला एवढी तळटीप हवी. ज्यांना जायला जागा नव्हती, ते राहिले. तिसरे, २०१६ मध्ये दोन संशोधकांनी ईमच्या नोंदींचे गणिती विश्लेषण केले, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाकडे झाला असावा आणि उंदरांकडून आलेला केवळ एक-चतुर्थांश, असे निघाले. तसे असेल तर वेस बंद केल्याने बाहेरचे वाचले, आतल्यांनी मात्र किंमत मोजली. आणि चौथे, पॅट्रिक वॉलिस या इतिहासकाराने २००६ मध्ये दाखवले की ईमची ही वीरगाथा बऱ्याच अंशी पुढच्या शतकांत घडत गेली: अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी, कवींनी तिला रूप दिले. ज्या ॲना सेवर्डने क्रेसब्रुकच्या न्यूटनला उजेडात आणले, तिचा जन्म ईमचाच, पाद्र्याच्या घरचा, आणि ईमच्या प्लेगवर लिहून ती हकिकत पसरवणाऱ्यांत तीही होती.

आता काकांसाठी दुसरे उत्तर. ईममध्ये जिथे जाल तिथे पिसवांचा उल्लेख आहे: कापडाच्या गठ्ठ्यातून पिसवा आल्या. पण १६६५ मध्ये हे कोणाला माहीत होते? दूषित हवा, देवाचा कोप, एवढेच ज्ञान. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला, आणि तो उंदराकडून माणसाकडे पिसू नेते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीला दाखवले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात. प्रथम कोणी फारसे मानले नाही. १९०५ पासून प्लेग कमिशनने मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत आणि चाळींमधून, उंदीर आणि पिसवा पकडून हजारो निरीक्षणे केली तेव्हा ते सिद्ध झाले. म्हणजे ईमच्या गोष्टीतली ती पिसू परळमार्गे इथे आली आहे. कापडाचा गठ्ठा मूळचा, पिसू नंतरची.

आणि हाच प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईला मांडवीत प्रकटला तेव्हा काय झाले ते आपण शाळेत शिकलो आहोत. फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर शिरले, देव्हाऱ्यापर्यंत. संशयितांना ओढून छावणीत नेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाची शिक्षा झाली. त्याआधी १० मार्चला सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. रोग एकच, उपायही कागदावर एकच: आजाऱ्याला वेगळे ठेवा, हालचाल थांबवा. ईममध्ये ज्यांच्यावर विश्वास होता अशा दोघांनी ते समजावून सांगितले, अर्लने अन्न पोचवले, मृताला घरच्या माणसांनी मूठमाती दिली. पुण्यात ते बंदूकधारी शिपायांनी केले. फरक औषधाचा नव्हता. दोन्हीकडे औषध नव्हतेच म्हणा ना; हाफकिनने लस जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत स्वतःला टोचून पाहिली होती, पण ती सर्वांना मिळायला अवकाश होता.

ईमला १९९४ पासून संग्रहालय आहे, घराघरावर हिरव्या पाट्या आहेत, कोण कधी गेले त्याच्या. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्याच घळीत प्रार्थना होते. गावाने आपली माणसे नावानिशी जपली, ती जपायलाच हवीत. चार मैलांवर, खालच्या घळीत, ब्लिंकोबरोबर राबून मेलेल्या पोरांची नावे कुठे आहेत? ईमच्या लोकांकडे पाद्री होता, नोंदवही होती, पुढे कवयित्रीही झाली. गिरणीतल्या मुलांकडे एक ब्लिंको आणि एक सारा, तीही जगली वाचली म्हणून. आमच्यातल्या तेरा वर्षांच्या मुलाला ईम शाळेत शिकवले होते, त्याने आम्हालाच चार गोष्टी सांगितल्या. लिटन मिलचे नाव त्याने कधी ऐकलेले नव्हते.

ईमहून स्टोनी मिडलटनकडे उतरताना तो वेशीचा दगड पायवाटेवर आहे, सायकली गावात कुलूप लावून चालत जावे. सहा खळगे आहेत, आणि आजही येणारे-जाणारे त्यात नाणी टाकतात. व्हिनेगरबद्दल रसायनशास्त्रज्ञ म्हणून विचारले गेले, म्हणून सांगते: ॲसेटिक आम्ल काही जंतूंना मारते खरे, पण हा रोग नाण्यांवरून फारसा पसरत नव्हता. व्हिनेगरचा खरा उपयोग एवढाच झाला असावा की खालच्या गावातल्या माणसाला त्या खळग्यात हात घालायचा धीर आला. भाकरी आणि मांस घेऊन रोज त्या दगडापर्यंत चढणारे स्टोनी मिडलटनचे लोक कोण होते, याची पाटी मला कुठे दिसली नाही.

स्टोनी मिडलटनला एक अष्टकोनी चर्च आहे, १७५९ चे. थांबायला वेळ असेल तर बघावे. कॅल्वरची गिरणी जुन्या लोकांनी टीव्हीवर पाहिली असेल, "कोल्डिट्झ" मालिकेतला तुरुंग म्हणून. पुढे हॅसपमार्गे बेकवेल, आणि तिथले प्रसिद्ध पुडिंग. माझे मत: फार गोड.

पुढच्या वेळी येणाऱ्यांसाठी सूचना. बोगद्यांतले दिवे फक्त दिवसा असतात, तेव्हा ट्रेलवरचा भाग सकाळीच उरकावा, आणि सायकलला स्वतःचा दिवा हवाच. संग्रहालयाच्या वेळा आधी पाहून ठेवाव्या. ज्यांना टाइड्सवेलचा चढ नको असेल त्यांनी मिलर्स डेलहून मागे फिरून गाडीने ईमला यावे, गिरण्या मात्र चुकवू नयेत. समितीतल्या काकांनी पुढच्या खेपेला यायचे कबूल केले आहे, पण गाडीने.